काडेपेटी

माझ्या टेबलाच्या खणात एक काडेपेटी आहे.
काड्या संपून नऊ वर्षं झाली.
आता तिच्यात लोखंड आहे,
कुमासीच्या डोळ्यांतून वेचलेलं,
तिळाहून बारीक, कुसळाहून टोकदार.
हलवली तर धड वाजतही नाही.

सुआमेच्या वर्कशॉपांत ग्राइंडर किंचाळला
की सकाळ झाली समजायचं.
मेलेल्या ट्रकांची हाडं कापतात तिथं.
ठिणग्या उडतात पोरांच्या तोंडावर
आणि पोरं डोळे किलकिले करतात;
त्यांना वाटतं, दार लोटलं.
पापणी दार नाही रे बाबांनो,
पापणी पडदा आहे,
आणि ठिणगी काही खाकरून आत येत नाही.

वेल्डिंगवाले येतात ते रात्री.
दुपारी हसत जेवलेले असतात.
मध्यरात्री कुणीतरी डोळ्यांत वाळू ओततं.
मी सांगते, वाळू नाही, ऊन आहे ते.
त्या निळ्या उजेडानं भाजलंय बुबुळ,
भर उन्हात पाठ सोलते तसं.
दोन दिवसांत निवेल. चोळू नकोस.
आणि काळी काच तोंडासमोर धर,
काखेत नाही.

ओपानिन तवियांचं गल्लीत मोठं नाव.
जिभेच्या टोकानं कण काढायचे.
डोकं गुडघ्यात धरायचं, पापणी उलटायची,
एक चाट, की कण थुंकीत.
वर कसल्याशा पाल्याचे दोन थेंब.
लोक कोंबडं नेऊन द्यायचे त्यांना.
मी त्यांना वाईट म्हणत नाही.
माझा सख्खा भाऊ त्यांच्याच ओट्यावरून
बघत बघत घरी आला होता.

अन्तोबाम सोळाचा.
मंगळवारी कण, मंगळवारीच जीभ.
कण निघाला हो, खोटं कशाला बोलू.
ओरखडा राहिला,
आणि ओरखड्यात जिभेवरचं सगळं.
बुधवारी लाली. गुरुवारी पाला.
शनिवारी आई त्याला हाताला धरून घेऊन आली
तेव्हा बुबुळावर शिजल्या भातासारखं पांढरं.
मी टॉर्च धरला. दिसतोय का?
"लावलात का?" त्यानं विचारलं.

त्या दिवसापासून मी ओरडून सांगते.
डोळ्यांत तेल घालून राखण करा म्हणतात ना,
राखण करा,
तेल घालू नका.
तेल नको, पाला नको, बाळंतिणीचं दूध नको.
धूळ असेल तर स्वच्छ पाणी, भरपूर.
रुतलं असेल तर हातच लावू नका,
कागदी पेला उपडा बांधा डोळ्यावर
आणि धावत या.
लोखंड रात्रीत गंजाचं कडं धरतं.
"उद्या बघू" म्हणणाऱ्याला
उद्या दिसतोच असं नाही.

गेल्या सोमवारी रांगेच्या शेवटी
एक म्हातारा हातानं डोळा झाकून बसला होता.
मी ओळखलं. त्यांनीही.
दिव्यासमोर हनुवटी टेकली,
कण कडेला होता, चौदा तासांचा.
बधिर करायचा थेंब टाकला, सुई तिरपी धरली.
ओपानिन म्हणाले,
"काय करू, माझी जीभ मलाच पुरत नाही."
मी हसले नाही.
सुई हातात होती.

जाताना त्यांना संरक्षक चष्मा दिला, फुकट,
दवाखान्याच्या हिशेबात बसत नसताना.
दुसऱ्या दिवशी ट्रोट्रोच्या खिडकीतून पाहिलं
तर चष्मा कपाळावर.
"कपाळाला डोळे नसतात, ओपानिन!"
त्यांनी मुकाट खाली ओढला.
गाडी वळेपर्यंत तरी खालीच होता.

पलीकडं अन्तोबाम बसला होता,
केन्केचं पान सोडत.
तो चष्मा काढत नाही, जेवतानाही नाही.
एका डोळ्यासाठी दोन काचा.

त्याचा कण माझ्या काडेपेटीत नाही.
तो थुंकीबरोबर मातीत गेला,
तिथंच असेल कुठंतरी, ओट्याखाली.